जुना गालिचा पुन्हा गालिचा का होत नाही?

ताणाबाणा
नमस्कार मंडळी,

टफ्टेड, म्हणजे कापडात सुयांनी सूत टोचून केलेल्या, गालिच्याच्या कारखान्यात मी बरीच वर्षं काम करते. आधी टफ्टिंग मशीनवर होते, आता बॅकिंगच्या, म्हणजे गालिच्याला पाठ लावायच्या, लाइनवर आहे. गेल्या महिन्यात एका कार्यालयातून उखडलेला आमचाच माल परत आला. विकताना आमच्या माणसाने शब्द दिला होता की वापर संपला की आम्ही परत घेऊ आणि पुन्हा वापरू. माल आला, गोदामात गुंडाळ्यांची रास लागली, आणि मग याचं करायचं काय हे कोणालाच सांगता येईना. महिना झाला, रास तशीच आहे. मला ते डोळ्यांसमोर नकोसं होतं. खोटं बोलायचं कोणाच्या मनात नव्हतं, पण विकताना एकानेही खाली लाइनवर येऊन विचारलं नव्हतं की हे खरंच जमतं का.

शेवटी मी त्या राशीतून हाताएवढा तुकडा कापला आणि टेबलावर घेऊन बसले. मागची जाळी, म्हणजे सेकंडरी बॅकिंग, चिमटीत धरून ओढली. ती तुकड्यातुकड्यांनी निघाली आणि सोबत पांढरी भुकटी सांडत राहिली. टोच्याने खरवडलं तरी टाक्यांच्या मुळाशी पांढरा थर घट्ट. नखांत भुकटी गेली, टेबल पांढरं झालं. चार थर असलेल्या वस्तूचे चार ढीग व्हायला हवेत ना? तासाभराने माझ्यासमोर दोनच होते. एक, वरून कात्रीने कापून घेतलेली मूठभर स्वच्छ लव. दुसरा, बाकी सगळं एकमेकांत गुंतलेलं.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लव नायलॉनची. ती सुयांनी ज्या कापडात टोचतात ते प्रायमरी बॅकिंग पॉलिप्रॉपिलिनचं. टाके सुटू नयेत म्हणून मागून लॅटेक्सचा लेप, आणि लेप स्वस्त व भरदार व्हावा म्हणून त्यात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वरून पुन्हा पॉलिप्रॉपिलिनची जाळी. ढोबळमानाने अशा गालिच्याच्या वजनात लव निम्मी किंवा त्याहून कमी, आणि जवळपास तिसरा हिस्सा नुसता खडू. लॅटेक्स एकदा भट्टीतून गेलं की पक्कं होतं. पुन्हा तापवलं तर वितळत नाही, करपतं.

आमच्या कारखान्यातलं वेस्ट पाहिलं की फरक लगेच कळतो. सुताच्या शंकूंवर उरलेलं सूत, टफ्टिंगनंतर कापलेले काठ, शिअरिंगमधून, म्हणजे वरून सारखं भादरताना, निघालेली लव, हे सगळं लेपाच्या आधीचं. काय आहे ते ठाऊक असतं, स्वच्छ असतं. त्याला गिऱ्हाईक आहे. लेपानंतर कापलेला काठ मात्र बाहेरून आलेल्या जुन्या मालाइतकाच अडचणीचा, जरी त्यावर अजून एकही पाऊल पडलेलं नसलं तरी. म्हणजे वस्तू जुनी झाल्यामुळे अडत नाही. आमच्याच लाइनवर, आमच्याच हातून, लेप लागतो त्या क्षणी ती अडते. हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट जाणवलं.

तुमच्यापैकी कोणी या कामात असाल तर लिहा. जाहिरातीतलं नको, हाताने केलेलं किंवा पक्कं माहीत असलेलं हवंय.

रेणूबंध
चांगला धागा. मी पॉलिमरवाला आहे, तंतूच्या बाजूने लिहितो.

तुम्ही ‘नायलॉन’ लिहिलंत, पण पहिला प्रश्न हाच की कोणतं? नायलॉन ६ की नायलॉन ६,६? हाताला, डोळ्याला दोन्ही सारखीच लागतात. नायलॉन ६ ही कॅप्रोलॅक्टम या एकाच रेणूची साखळी. उष्णता, वाफ आणि योग्य उत्प्रेरक मिळाला की ती उसवते आणि कॅप्रोलॅक्टम परत हाती येतं. ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलं की रंग, मळ, डाग मागे राहतात. त्यातून बनवलेलं नायलॉन आणि कोरं नायलॉन यांत फरक सांगता येत नाही. गालिच्याचा पुन्हा गालिचा होण्याचा सगळ्यात सरळ रस्ता हा.

नायलॉन ६,६ मध्ये अ‍ॅडिपिक आम्ल आणि हेक्सामिथिलीन डायअमाइन असे दोन घटक एकाआड एक गुंफलेले. उसवलं तर दोघांना वेगळं करा, दोघांना शुद्ध करा. खर्च वाढतो. म्हणून ते बहुतेक वितळवून दाणा करतात आणि तो दाणा गाड्यांच्या इंजिनाजवळच्या सुट्या भागांसाठी वगैरे जातो. उपयोग चांगला आहे, पण गालिच्याकडे परत वाट नाही.

दोन्ही मिसळून आलं तर अवघड. एक २२० अंशांच्या आसपास वितळतं, दुसरं २६० च्या. ६,६ साठी तापवाल तर ६ बिघडायला लागतं, ६ साठी तापवाल तर ६,६ चे न वितळलेले कण राहतात आणि सूत काढताना ते नेमकं तिथेच तुटतं.

कोरीपाटी
वाचतेय. एक प्रश्न: हाताला सारखीच लागतात तर गोदामात ओळखायचं कसं? प्रत्येक गुंडाळी प्रयोगशाळेत पाठवणार का?

रेणूबंध
@कोरीपाटी, नाही. हातात धरायचं जवळ-अवरक्त प्रकाशाचं यंत्र असतं, केस वाळवायच्या यंत्राएवढं. लवेवर टेकवलं की परत आलेल्या प्रकाशावरून काही सेकंदांत नायलॉन ६, ६,६, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलिन की लोकर ते दाखवतं. मोठ्या वर्गीकरण केंद्रांत माणसं हेच करतात, गुंडाळीमागून गुंडाळी.

यंत्र नसेल तर पाण्याची परीक्षा. स्वच्छ लवेची चिमूट पाण्यात साबणाचा थेंब टाकून नीट भिजवायची, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पॉलिप्रॉपिलिनची घनता ०.९ च्या आसपास, तरंगतं. नायलॉन १.१४, पॉलिएस्टर १.३८, दोन्ही बुडतात. मोठ्या प्रमाणावरही हेच तत्त्व. माल फाडून, दळून पाण्यात सोडतात किंवा भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या हायड्रोसायक्लोनमधून काढतात. खडूची घनता २.७, तो आधी खाली बसतो, पॉलिप्रॉपिलिन वर येतं. पण खडू तंतूपासून सुटला असेल तरच. चिकटलेला असेल तर तंतूलाही सोबत खाली ओढतो.

ताणाबाणा
साबणाच्या थेंबाबद्दल आभार. मी आधी तसंच टाकून पाहिलं होतं आणि नायलॉनसुद्धा तरंगताना पाहून गोंधळले होते.

आमच्याकडे नोंदी चाळल्या. परत आलेल्या मालातला मोठा भाग नायलॉन ६ आहे, पण मधल्या दोन वर्षांत सुताचा पुरवठादार बदलला होता आणि त्या काळातला माल ६,६ निघाला. गुंडाळीवर कुठेही लिहिलेलं नाही. मागच्या बाजूला आमचा शिक्का आहे, डिझाइनचा क्रमांक आहे, तंतूचं नाव मात्र नाही.

फरशीकाम
मी दुसऱ्या टोकाला आहे, गालिचे बसवणारा आणि उखडणारा. कारखान्यातल्या लोकांनी आमचंही ऐकावं म्हणून लिहितो.

उखडायचं काम बहुतेक रात्री असतं. सकाळी जागा मोकळी हवी. आम्ही पट्ट्या कापतो, गुंडाळतो, बाहेर काढतो. बाहेर एकच मोठा कचऱ्याचा डबा असतो. त्यात गालिचा, खालचा फोम, खिळ्यांच्या पट्ट्या, प्लास्टरचा भुगा, सगळं एकत्र. वर पाऊस पडला की संपलं. ओला गालिचा दुपटीने जड होतो, कुबट येतो, आणि मग कोणी हात लावत नाही. एवढं एकच पाळा: आच्छादलेला वेगळा डबा द्या, आणि गुंडाळीत खिळा राहिला नाही ना हे पाहायला आम्हाला अर्धा तास द्या. एक खिळा श्रेडरची, म्हणजे माल फाडणाऱ्या यंत्राची, पाती खराब करतो हे मला एका केंद्रावर माल टाकायला गेलो तेव्हा कळलं. त्याआधी कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरं, टाइल. अर्धा मीटर गुणिले अर्धा मीटरच्या टाइल जिथे आहेत तिथे पुनर्वापराचं काम खरंच सोपं आहे. खोलीतल्या टाइल कधीच सारख्या झिजत नाहीत. दारातल्या आणि टेबलांमधल्या वाटेवरच्या जातात, कपाटाखालच्या जवळपास नव्या असतात. पूर्ण पसरून गोंद लावलेला असेल तर काढताना पाठ फाटते. नुसते कोपरे चिकटपट्टीने जोडलेले असतील तर उचलायच्या, झटकायच्या, दहादहाच्या चवडी करायच्या. अशा टाइल धुऊन दुसरीकडे बसवलेल्या मी स्वतः पाहिल्यात, दिसायला काही कमी नाहीत. फाडणं-दळणं-वितळवणं यात पडायच्या आधी हे करा.

उंबरठा
फरशीकाम, अगदी पटलं. मी अंतर्गत सजावटीचं काम करते. आम्ही रेखाटनं करतो तेव्हा रंग, आवाज शोषणं, आगीची चाचणी पाहतो, पण ‘हे उचलणार कसं’ असा रकानाच आमच्या तक्त्यात नाही. पुढच्या कामापासून टाकते.

एक शंका. हल्ली पुष्कळ गालिच्यांवर ‘बाटल्यांपासून बनवलेला’ असं असतं. तो घेणं चांगलं ना?

रेणूबंध
चांगलं, पण अर्धंच. पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी, म्हणजे पॉलिएस्टरच, चांगल्या प्रतीचं असतं, त्याचं सूत छान निघतं, गालिचाही टिकतो. कोरा माल वाचतो. पण ती बाटली पुन्हा बाटली होऊ शकली असती. गालिच्यात शिरल्यावर तिच्या पाठीला तेच लॅटेक्स आणि तोच खडू लागतो, आणि तिथून पुढे गालिचा म्हणून परत येणं दुर्मीळ. कोणी विकायला आलं तर दोन प्रश्न विचारा: यात काय घातलंय, आणि यातून पुढे काय निघेल? पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडे असतं.

लोकरीचा_धागा
लोकरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. लोकर म्हणजे केराटिन, प्रथिन. त्यात नत्र भरपूर असतं, त्यामुळे मातीत ती हळूहळू कुजते आणि खत होते. जुन्या लोकरीच्या गालिच्यांचा नमदा आणि गालिच्याखाली घालायचा जाड थरही होतो. दोन अटी: पाठ तागाची असावी, आणि कसरीपासून बचावासाठी परमेथ्रिनसारखं कीटकनाशक मारलेलं नसावं. दुसऱ्या अटीत पुष्कळ माल बसत नाही, म्हणून ‘लोकर आहे, टाका मातीत’ असं बेधडक करू नका. पाण्यातल्या जिवांना परमेथ्रिन फार घातक आहे.

स्पष्ट_बोलू
सगळं वाचलं. मला वाटतं आपण उगाच गुंता करतोय. सिमेंटच्या भट्टीत टाका. प्लास्टिक जळून उष्णता देतं, कोळसा वाचतो, आणि तुम्ही ज्या खडूला शिव्या देताय तो सिमेंटलाच लागतो, चुनखडी म्हणून. काही वाया जात नाही.

ताणाबाणा
@स्पष्ट_बोलू, तुमचा मुद्दा मी झटकत नाही. कॅल्शियम कार्बोनेट सिमेंटमध्ये मुरतं हे खरं आहे, आणि कचरा पुरण्यापेक्षा ते बरंच. नायलॉनमध्ये नत्र असतं, त्यामुळे भट्टीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर लक्ष ठेवावं लागतं, तेही करता येतं.

पण मला ते मान्य होत नाही त्याचं कारण वेगळं आहे. कच्च्या तेलापासून कॅप्रोलॅक्टम, त्याचं नायलॉन, त्याचं पिळदार सूत, इथपर्यंत यायला किती उष्णता, किती पाणी, किती माणसांचे हात लागतात ते मी रोज पाहते. जाळल्यावर त्यातली फक्त जळण्याची उष्णता मिळते. घडवायला लागलेलं सगळं गेलं. ओला, कुबट, ओळख नसलेला माल भट्टीत जाऊ दे. स्वच्छ नायलॉन ६ ची गुंडाळी जाताना मला बघवणार नाही.

जुनी_नोंद
थोडा इतिहास, कारण हे आधी घडून गेलंय आणि त्यातून शिकण्यासारखं आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे दोन मोठ्या रसायन कंपन्यांनी मिळून जुन्या गालिच्यांतलं नायलॉन ६ उसवून कॅप्रोलॅक्टम काढायचा प्रचंड कारखाना काढला. रसायन चाललं, हिशेब चालला नाही. २००१ मध्ये बंद. पुढे शॉ या गालिचे बनवणाऱ्या कंपनीने तो घेतला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू केला. परत मिळालेल्या कॅप्रोलॅक्टमला खनिज तेलातून आलेल्या कॅप्रोलॅक्टमशी भावात टक्कर द्यावी लागते. तेल उतरलं की गोळा करणारे, वर्गीकरण करणारे, सगळे एकदम अडचणीत.

२००२ मध्ये तिथल्याच गालिचा उद्योगाने सरकारी संस्थांसोबत ‘केअर’ हा उपक्रम काढला. दहा वर्षांत टाकाऊ गालिच्यांपैकी ४० टक्के माल कचराभूमीपासून वाचवायचा, असं उद्दिष्ट होतं. ते गाठता आलं नाही, जवळपासही पोहोचले नाहीत. सगळं ऐच्छिक होतं. मग कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा केला. विकलेल्या गालिच्यावर ठरावीक शुल्क, आणि त्या पैशातून गोळा करणं, वर्गीकरण, पुनर्वापर. न्यूयॉर्क राज्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये उत्पादकांवर जबाबदारी टाकणारा कायदा केला. गोळा करण्याच्या खर्चाला कुठून तरी पक्का पैसा असल्याशिवाय हे चालत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

चांगल्या नोंदीही आहेत. इंटरफेस या टाइल बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये कंपनीची दिशाच बदलली. तोवर त्यांचाही धंदा इतरांसारखाच होता. अ‍ॅक्वाफिल कंपनी स्लोव्हेनियात ल्युब्ल्याना इथे २०११ पासून टाकून दिलेली मासेमारीची जाळी आणि जुन्या गालिच्यांची लव उसवून नायलॉन ६ बनवते. २०१२ मध्ये इंटरफेस आणि लंडनची प्राणिशास्त्र संस्था यांनी फिलिपिन्समधल्या दानाहोन प्रवाळभित्तीच्या परिसरातल्या मच्छीमार वस्त्यांकडून जुनी जाळी विकत घ्यायला सुरुवात केली. ती जाळी शेवटी गालिच्यात गेली.

कोरीपाटी
जाळी चालतात आणि गालिचा अडतो, असं का?

रेणूबंध
जाळं म्हणजे निव्वळ नायलॉन. शिसं, दोर, शेवाळ काढलं की उरतं ते सगळं कामाचं. त्याला पाठ नाही, लेप नाही. ताणाबाणांच्या टेबलावरचा दुसरा ढीग तिथे तयारच होत नाही.

उंबरठा
मग लेपच बदलता येत नाही का?

पाठराखण
येतो. मी बॅकिंगच्या रसायनांवर काम करतो, इतका वेळ वाचत होतो.

शॉने १९९९ मध्ये टाइलसाठी पीव्हीसीऐवजी पॉलिओलेफिनची, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनच्याच जातीच्या प्लास्टिकची, पाठ आणली. वापर संपल्यावर लव आणि पाठ वेगळी होतात, पाठीचा माल पुन्हा पाठीत जातो. त्याला २००३ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्ष पुरस्कार मिळाला. ती पाठ तापवली की मऊ पडते आणि थंड झाली की पुन्हा बसते. भट्टीत पक्क्या झालेल्या लॅटेक्सला हे कधीच जमणार नाही.

लॅटेक्सच्या जागी गाड्यांच्या पुढच्या काचेतला मधला पारदर्शक थर, म्हणजे पीव्हीबी, वापरतात. काच फुटली तरी तुकडे उडू न देणारा तो थर. भंगार काचांतून तो निघतो आणि टाके धरून ठेवायचं काम नीट करतो. खडू काढायचा नसेल तर निदान खाणीतला नको. नेदरलँडमध्ये पिण्याचं पाणी मृदू करताना जो खडू वेगळा निघतो तो डेस्सो कंपनीने टाइलच्या पाठीत भरायला घेतला. आणि लव व पाठ दोन्ही एकाच पॉलिमरची, मध्ये पॉलिमर वितळवूनच जोड, असेही गालिचे निघालेत. त्यांचं काहीच वेगळं करावं लागत नाही, सबंध फाडायचा आणि वितळवायचा.

अडचण लपवत नाही. लाइन बदलावी लागते, काठ दुमडण्याची आणि ओढ सहन करण्याची चाचणी नव्याने करावी लागते, आणि खडूइतकं स्वस्त काहीच नाही. अजून एक सांभाळा: खूप जुन्या मालावर डाग बसू नये म्हणून फ्लोरिनवाली रसायनं मारलेली असतात, आणि जुन्या पीव्हीसी पाठीत थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं, असतात. परत आलेला माल आंधळेपणाने नव्यात मिसळलात तर तीही सोबत येतील. तपासल्याशिवाय मिसळू नका.

ताणाबाणा
सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभराने परत लिहितेय, काय झालं ते सांगायला.

रास हलली. आम्ही तिघांनी चार दिवस बसून एकेक गुंडाळी उघडली. हातातलं यंत्र आठवड्यासाठी भाड्याने मिळालं. ओला आणि कुबट माल बाजूला काढला, तो भट्टीकडे गेला. स्पष्ट_बोलू, तुमचंच ऐकलं. फरशीकाम, खिळे निघाले. अकरा. नायलॉन ६ च्या कोरड्या गुंडाळ्यांची लव आम्ही आमच्याच शिअरिंग मशीनवर, पाती खाली घेत, लेपाच्या जरा वरपर्यंत भादरली. सुरुवातीला पाती जास्त खाली गेली आणि पांढरी धूळ उडाली, तो सगळा डाव बाद करावा लागला. नंतर हात बसला. निघालेली लव स्वच्छ आहे, पाण्याच्या परीक्षेत तळाशी पांढरं काही बसत नाही, आणि उसवणाऱ्यांनी नमुना स्वीकारलाय. भादरलेल्या पाठी उरल्या आहेत. त्यांचं काय ते अजून ठरलेलं नाही, पाठराखण, तुम्हाला त्याबद्दल वेगळं लिहिते.

गिऱ्हाइकाला पत्र पाठवलं. किती माल परत सुताकडे गेला, किती जळला, किती पडून आहे, तिन्ही आकडे त्यात आहेत. वरच्यांची तयारी नव्हती, मी आग्रह धरला.

आणि सोमवारपासून आमच्या बॅकिंग लाइनवर शिक्क्याचा नवा रोलर लागलाय. दर मीटरला मागच्या बाजूला तंतूचं नाव, लेपाचा प्रकार आणि वर्ष उमटतं. पहिली गुंडाळी उतरली तेव्हा मी ती उलटी करून वाचली: नायलॉन ६.

फरशीकाम
अकरा! माफ करा. रात्री उखडताना आता चुंबक फिरवतो.